दोन ते तीनची प्रार्थना

शिबिराहून परतलेल्या तीन आयांना टेम्पोने चर्चच्या फाटकाशी उतरवलं तेव्हा तिघी गात होत्या. टेम्पो गेला तरी गात राहिल्या. तिघींच्या कडेवर तीन पोरं, खांद्याला पिशव्या, आणि ऊन असं की फाटकाची कडी हातात धरवत नव्हती. पण कडवं अर्धं राहिलं होतं, म्हणून त्या उभ्या राहिल्या. समोरच्या पंक्चरवाल्याने मान वर करून पाहिलं आणि ट्यूब पुन्हा पाण्यात बुडवली. एवढ्या उन्हात शुद्धीवरचा माणूस गात नाही, असं त्याचं मत असावं.

तिघींतली एक बेकरीत भट्टीपुढे उभी राहायची. दुसरी नवऱ्याच्या शिलाईच्या दुकानात काजं-बटणं करायची. तिला सगळे शिंपीण म्हणत. तिसरी गावाबाहेरच्या पोल्ट्रीवर सासूसोबत कोंबड्या सांभाळायची, म्हणून ती शेडवरची. नवरा तिचा कोंबड्या उचलणाऱ्या टोळीत होता. आज या शेडवर, उद्या त्या. ट्रकबरोबर जायचा, ट्रकबरोबर यायचा, आणि घरी असला की ट्रकसारखाच झोपायचा.

शिबिर डोंगरावर होतं, खास तरुण मातांसाठी. सकाळी वचनांचा अभ्यास, दुपारी कागदाची फुलं, संध्याकाळी गीतं. अभ्यासातलं शेडवरचीला अर्धंच कळलं आणि फुलं तर जमलीच नाहीत. पण एका संध्याकाळी पांढरे अॅप्रन घातलेल्या दोन प्रौढ बाया आल्या, 'आज आयांना सुट्टी' म्हणाल्या आणि सगळी पोरं उचलून पलीकडच्या हॉलमध्ये घेऊन गेल्या. शेडवरची खाटेवर आडवी झाली. डोळे उघडले तेव्हा खिडकीत ऊन होतं.

मुलगी झाल्यापासून ती सलग झोपली नव्हती. तशीच पडून राहिली. पडदा हलत होता. आत काही तरी काठोकाठ भरल्यासारखं वाटत होतं. घागर भरून ठेवावी आणि पाणी हलूसुद्धा नये, तसं. तिला रडू आलं. शेजारी पाळकबाई, म्हणजे चर्चच्या पाळकसाहेबांची बायको, बसल्या होत्या. त्यांनी कपाळावर हात ठेवून सांगितलं, "हा प्रभूचा स्पर्श, बेटी." तिच्याकडे त्याला दुसरं नाव नव्हतं. तिने हे घेतलं. नंतर कळलं की बेकरीवालीला आणि शिंपिणीलाही त्याच सकाळी तो झाला होता.

शेडवर पोचली तेव्हा सासू पाण्याची भांडी घासत होती.

"आलीस? गाल भरलेत जरा."

"आई, मला तिथे प्रभू भेटला."

"बरं झालं. इथे मला टाकीत शेवाळ भेटलंय. पिशवी ठेव आणि ये."

सासूचाही बाप्तिस्मा झालेला होता, लग्नही त्याच चर्चमध्ये. पण गुडघे गेल्यापासून ती उपासनेला जात नसे. कुणी विचारलं तर म्हणे, "त्याला माझा पत्ता ठाऊक आहे. यायचं तर येईल."

पत्ता म्हणजे शेडच्या टोकाला जोडलेली एक खोली. खोली मालकाची, शेड मालकाचं, कोंबड्या मालकाच्या. यांचं होतं ते काम. काम आहे तोवर खोली, हे कुणी कधी सांगितलं नव्हतं, सांगायची गरजही नव्हती.

आणि उन्हाळ्यातलं काम म्हणजे चालणं. कोंबडी उन्हाने बेजार झाली की बसते. बसली की पोटाखालचा भुसा तापतो. खालून भुसा आणि वरून पत्रा अशी ती शिजत जाते आणि तरी उठत नाही. म्हणून दुपारभर शेडमधून हळूहळू फिरायचं. पाय घासत, कोंबड्यांना ढोसत, भिववायचं मात्र नाही. भ्यालेली कोंबडी कोपऱ्यात पळते, तिच्यावर दुसरी चढते, दुसरीवर तिसरी. नुसतं उठवायचं, जरा वारा लागला की पुन्हा बसू द्यायचं, आणि या टोकाहून त्या टोकाला पोचेपर्यंत पहिल्या टोकाच्या पुन्हा बसलेल्या असायच्या. बाजूच्या जाळ्यांना बारदान बांधलेलं असे, त्यावर बादलीने पाणी मारायचं. लाईट असली तर पंखे आणि फवारे. लाईटीला स्वतःचं मन होतं.

मुलगी दाराबाहेर झाडाला बांधलेल्या झोळीत. तिला दात येत होते. ती रात्रभर हे सांगायची आणि दिवसा झोपायची.

पाळकबाई मनाने चांगल्या होत्या. त्यांचं वाईट इतकंच की त्यांना रिकामं बसवत नसे. शिबिर संपल्यावर ते टिकवलं पाहिजे, असं त्यांना डोंगरावरच्या लोकांनी बजावून पाठवलं होतं. पुढच्याच आठवड्यात त्यांनी तिघींना चर्चमागच्या खोलीत बोलावलं. पंखा होता, पण तो पाळकबाईंच्या दिशेने अडकला होता.

"पोरींनो, तिथली ऊब विझू द्यायची नाही," त्या म्हणाल्या. तिघींनी पदराने घाम टिपला.

ऊब टिकवायची तर प्रार्थनेची साखळी करायची. उजाडल्यापासून मावळेपर्यंत एकेक तास एकेकीने वाटून घ्यायचा. आपला तास संपला की पुढचीचा सुरू. महिला संघातल्या बायांनी सकाळ-संध्याकाळचे तास आधीच घेतले होते. राहिल्या दुपारी; त्यांतले एक ते दोन आणि तीन ते चार पाळकबाईंनी स्वतःकडे ठेवले. बेकरीवालीला बारा ते एक मिळाला. ती उजाडण्याआधीपासून भट्टीपुढे असायची आणि त्याच वेळात घरी येऊन जरा पाठ टेकायची; पाळकबाई म्हणाल्या, "तेव्हा तू मोकळीच असतेस." शिंपिणीला चार ते पाच. शेडवरचीला दोन ते तीन, कारण दुपारी पक्षी विसावतात, हे पाळकबाईंनी कुठे तरी वाचलं होतं.

"एक कडी तुटली की सगळी साखळी जमिनीवर," पाळकबाई म्हणाल्या. "तुझ्या तासाला तू नसलीस, तर या दोघी उघड्या पडल्या असं समज."

शेडवरचीला ते पटलं. तिला ती घागर परत हवी होती. शिबिराहून आल्यापासून तिने रोज आत डोकावून पाहिलं होतं. पहिल्या दिवशी ओल होती. नंतर तीही नाही.

ती चालता चालता प्रार्थना करू लागली. या टोकाला बेकरीवालीचं नाव, त्या टोकाला शिंपिणीचं, मधे कोंबड्या. पुढच्या बैठकीत पाळकबाईंनी कसं चाललंय विचारलं तेव्हा तिने भाबडेपणाने सगळं सांगितलं. महिला संघाच्या दोन बायाही त्या दिवशी आल्या होत्या. एक हसली.

"चालता चालता?" पाळकबाईंनी हळुवार विचारलं. त्यांचा हळुवारपणाच जास्त लागायचा. "मालक समोर आला तर तू त्याच्याशी चालता चालता बोलतेस का गं?"

"नाही."

"उभी राहतेस ना? मग हा तर मालकांचा मालक."

हसलेली बाई म्हणाली, "आणि कोंबड्यांना लाथा मारत."

"लाथा नाही मारत. ढोसते."

"तेच ते."

ठरलं की गुडघे टेकायचे, डोळे मिटायचे, तासभर. घरी येऊन तिने सासूला सांगितलं. सासूने ऐकून घेतलं.

"आणि चालायचं कुणी?"

"तुम्ही एवढा एक तास..."

"माझे गुडघे टेकतही नाहीत आणि चालतही नाहीत. पण टेकले तर उठवायला माणूस लागतं, चालताना निदान भिंत धरता येते." ती उठली, काठी घेतली. "जा. बस. माझंही नाव घे मधे, फुकटात."

काही दिवस असे गेले. सून शेडच्या मधोमध रिकाम्या पोत्यावर गुडघे टेकून डोळे मिटायची आणि सासू तिच्याभोवती काठी टेकत, कोंबड्यांशी बोलत फिरायची. "ऊठ गं बाई. ऊठ. तुला काय शिबिराला जायचंय?" मिटल्या डोळ्यांना ते ऐकू यायचं. घागर कोरडीच होती. पण तास भरत होता.

मग सासूची दाढ सुजली. एक दिवस सोसलं, दुसऱ्या दिवशी तोंड उघडेना. मोठ्या गावाला दाताच्या डॉक्टरकडे गेल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. जाताना तिने खुणेनेच टाकी, बारदान, शेड दाखवलं आणि शेवटी बोट उगारून हवेत एक लांब रेघ ओढली. चालत राहा.

दुपारी बाराला लाईट गेली. पंखे थांबता थांबता एकदा कुरकुरले. फवाऱ्यांतून थेंब गळले, बंद झाले. वारा नव्हता. शेडवरचीने बारदान भिजवलं; ते पाठ फिरेपर्यंत वाळत होतं. ती चालू लागली. कोंबड्या चोची उघड्या टाकून, पंख अंगापासून सोडून बसल्या होत्या. ढोसलं की उठायच्या, दोन पावलं जायच्या, बसायच्या. घाम पाठीवरून टाचांपर्यंत येत होता. रात्री मुलीने तिला पडू दिलं नव्हतं. आधीच्या रात्रीही नाही. चालताना एकदा तिला वाटलं की आपण थांबलोय आणि भुसाच मागे सरकतोय.

दोन वाजले. ती मधोमध उभी राहिली. आजचा दिवस चालतच करावं, असं मनात आलं. लगेच मालकांचा मालक डोळ्यांसमोर आला आणि ती हसलेली बाई. बेकरीवाली आणि शिंपीण उघड्या पडलेल्या दिसल्या. थोडाच वेळ, ती मनात म्हणाली. निदान सुरुवात तरी गुडघ्यावर.

पोतं पसरलं. गुडघे टेकले. बेकरीवालीचं नाव घेतलं. एक कोंबडी पोटरीला टेकून बसली, तिची धाप कातड्याला जाणवत होती. शिंपिणीचं नाव घेतलं. सासूची दाढ. मुलीचे दात. दुसरी कोंबडी आली.

तिला जाग आली ती शांततेने.

शेडमध्ये शांतता नसते. हजार गळ्यांची बारीक कुरबुर सतत चालू असते, ती आपण ऐकत असतो हेही कळत नाही. ती कमी झाली होती. क्षणभर शेडवरचीला वाटलं, आलं. तेच. काठोकाठ. मग तिने डोळे उघडले.

मावळतीच्या भिंतीकडून ऊन आत शिरलं होतं. त्या टोकाच्या कोंबड्या उन्हापासून सरकत सरकत कोपऱ्यात गेल्या होत्या आणि एकमेकींवर चढल्या होत्या. माना लांब, चोची उघड्या, पंख पसरलेले. वरच्या हलत होत्या. ती धावली. धावायचं नसतं, हे तिला ठाऊक होतं. उरलेल्या दुसऱ्या कोपऱ्याकडे पळाल्या. तिने ढीग उपसला. वरच्या काढल्या, बादलीत बुचकळल्या, बाजूला टाकल्या. काहींनी डोळे उघडले. खालच्या गरम होत्या, आतून भाजल्यासारख्या, आणि मऊ. दोन्ही हातांत पायांना धरून ती त्या बाहेर नेत होती, टाकत होती, परत येत होती. बाहेर मुलगी रडायला लागली. रडणं कानावर पडताच पान्हा फुटला, ब्लाउज भिजला, दूध पोटावरून ओघळलं. हात रिकामे नव्हते. मुलगी रडत राहिली, दूध वाहत राहिलं, ती मेलेल्या कोंबड्या वाहत राहिली.

सासू आली ती गाल फुगवून, तोंडात कापसाचा बोळा. जन्मात पहिल्यांदा तिला बोलायला हवं होतं आणि बोलता येत नव्हतं. तिने बाहेरचा ढीग पाहिला. सुनेचा ब्लाउज पाहिला. झोळीतून पोर काढलं, सुनेच्या हातातल्या कोंबड्या काढून घेतल्या आणि तिच्या हातात पोर दिलं. मग काठी घेऊन आत गेली आणि उरलेल्यांतून चालू लागली.

मालकाचा सुपरवायझर मोटरसायकलवर आला. त्याने टोपी काढून ढिगाभोवती एक चक्कर मारली.

"लाईट गेली होती, मान्य. जनरेटरला डिझेल नव्हतं, तेही मान्य. ते बघणं माझ्याकडे आहे. पण तू कुठे होतीस?"

"इथेच."

"इथेच म्हणजे?"

"आत. प्रार्थना करत होते."

सुपरवायझरने टोपीने मान पुसली. "कोंबड्यांसाठी?"

"नाही."

"करायची होतीस," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. "उरलेला माल लवकर उचलू. पुढची पिल्लं टाकायची की नाही, ते मालक बघतील. मावशी, खोलीत सामान फार पसरू नका."

सासूने बोळ्यातून काही तरी म्हटलं. ते कळलं नाही, हे सुपरवायझरच्या हिताचंच झालं.

उन्हं उतरल्यावर खड्डा खणला. बातमी गावात पोचली होती. बेकरीवाली आणि शिंपीण पोरं घरी सोडून आल्या; शिंपिणीने वाटेत चुन्याचं पोतं घेतलं होतं. चौघी खणत होत्या, टाकत होत्या, चुना पसरत होत्या. झोप लागली होती, एवढंच शेडवरचीने सांगितलं. मग बेकरीवालीने फावडं टेकलं.

"मी पण झोपते."

"कधी?"

"बारा ते एक. रोज. गुडघ्यावर बसते, कपाळ खाटेला टेकते, की गेले. एकदाही जागी राहिले नाही. मला वाटायचं तू तरी जागी आहेस."

शेडवरचीने शिंपिणीकडे पाहिलं. शिंपीण चुना पसरत राहिली. "मी काजं करते," ती म्हणाली. "डोळे मिटून काजं करता येतात, सवय झाली की."

तिघींना एकदम हसू आलं आणि ते चुन्याने खोकल्यात गेलं. खोकला थांबल्यावर बेकरीवालीने विचारलं, "तिथे जे झालं होतं, ते परत झालं कुणाला?"

कुणाला नाही. शेडवरचीने हातातली कोंबडी खड्ड्यात ठेवली, टाकली नाही. "मी विचार करते," ती म्हणाली, "त्या रात्री पोरं त्यांनी नेली होती. आपण झोपलो होतो. इतकंच झालं होतं का?"

"इतकंच म्हणजे?"

"म्हणजे ती झोपच होती का? आणि आपण तिला प्रभू म्हटलं?"

बेकरीवालीचा चेहरा उतरला. शिबिराहून आल्यापासून भट्टीपुढे उभं राहायला तिच्याकडे तेवढं एकच होतं. "असं बोलू नकोस," ती म्हणाली. "दुसरं काही बोल."

सासूने बोळा काढून थुंकला. तोंड जरा सुटलं होतं. "झोपेत देव भेटत असता, तर आमचे हे संत म्हणून गेले असते," ती म्हणाली. "माती ओढा."

रविवारच्या आदल्या दिवशी पाळकबाई शेडवर आल्या. नाकाला पदर लावून खड्डा पाहिला, मुलीचा पापा घेतला.

"ही कसोटी आहे, बेटी. उद्या मंडळीपुढे साक्ष दे. लोकांना बळ येतं. जे झालं ते सांग, आणि शेवटी 'तरीही' म्हण."

"तरीही काय?"

"तरीही मी प्रभूची स्तुती करते. पुढचं मग आपोआप येतं."

रविवारी सासूही निघाली. गुडघे पूर्वीइतकेच गेलेले होते, पण ती निघाली आणि शेवटच्या बाकावर बसली. शेडवरची मुलीला कडेवर घेऊन पुढे उभी राहिली. तीनदा धुतलेल्या हातांना चुन्याचा वास येत होता. पुढच्या बाकावरची ती हसणारी बाई रुमाल चाळवत होती. शेडवरचीने सगळं सांगितलं: लाईट गेली, गुडघे टेकले, झोप लागली, मेल्या. साक्षीला हवा तसा एकही चढ-उतार तिच्या आवाजात नव्हता. मग ती म्हणाली, "तरीही," आणि थांबली. पाळकबाईंनी मान हलवून धीर दिला.

"तरीही मला ठाऊक नाही," ती म्हणाली. "शिबिरात भेटला तो प्रभू होता, की मला फक्त झोप मिळाली होती. इथे आल्यापासून तो येत नाही, आणि झोपही मिळत नाही, म्हणून दोघांत फरक कसा करायचा तेच कळत नाही. कुणी एक रात्र माझं पोर सांभाळलं, तर मी झोपून बघेन आणि येऊन सांगेन."

चर्च भरलेलं होतं. बरीच माणसं पायाकडे बघू लागली. त्या दिवशी सगळ्यांचे पाय प्रेक्षणीय असावेत. एक म्हातारे गृहस्थ 'आमेन' म्हणाले, कारण त्यांना कमी ऐकू यायचं. पाळकसाहेबांनी गीत सांगितलं. सगळी कडवी.

बाहेर पडताना एकीने दात येण्यावरचं औषध सुचवलं. दुसरीने, आपल्या नातवाला आखूड झालेला लोकरी स्वेटर देऊ केला. पाळकबाईंनी दोन्ही हात हातात घेतले. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

"तुझ्यासाठी विशेष प्रार्थना ठेवते. आणि तुझा तास बदलते. पहाटे चार ते पाच घे, थंड असतं. साखळी तेव्हापासूनच सुरू करू."

माल उचलायला टोळी आली, तीत नवराही होता. त्याचे सोबती चांगले होते, म्हणजे थट्टा तोंडावर करत. "वहिनी, अर्धं काम तर तुम्हीच करून ठेवलंत." नवरा सगळ्यांबरोबर हसला. पिंजरे भरून झाल्यावर त्याने नळाखाली हात बराच वेळ धुतले, बोटाबोटांतून, आणि तिच्याकडे न पाहता ट्रकवर चढला. पण चढण्याआधी सासूला म्हणाला, "आई, तिला रागावू नकोस." सासू म्हणाली, "मी कशाला रागावू? मला रागवायला खोली तर राहू दे."

शेड रिकामं झालं. भुसा खरवडला, भिंती धुतल्या. मालकाचा निरोप नव्हता. त्याच संध्याकाळी बेकरीवाली आणि शिंपीण दोघी आल्या.

"दे पोर," बेकरीवाली म्हणाली.

"तुला पहाटे भट्टी आहे."

"पोर जागलं तर मी थापटते. मध्यरात्रीनंतर ही नेईल. पुढच्या आठवड्यात माझी रात्र, मग हिची. ठरलंय आमचं. पण आधी तू."

"आणि नाही आला तर?"

बेकरीवालीने पोराला खांद्यावर घेतलं. "येईल. तू झोपलीस आणि तो आला, तर आम्ही झोपू आणि आम्हालाही येईल. तू झोप फक्त."

सासूने विचारलं, "आणि मी काय करायचं?"

"तुम्ही तिला उठवू नका."

"एवढंच? हे तर मी लग्नापासून करतेय. आधी नवऱ्याला, मग लेकाला." आणि ती खुर्ची घेऊन दाराबाहेर बसली.

शेडवरची आडवी झाली. डोळे उघडले तेव्हा खिडकीत ऊन होतं.

ती झोपली होती. सलग, मेल्यासारखी. अंग हलकं होतं; छाती दुधाने दगड झाली होती, पण डोकं स्वच्छ होतं, पुसल्यासारखं. ती हलली नाही. आत पाहिलं. वाट पाहिली. घाई नको म्हणून श्वासही हळू घेतला. मग हाक मारली, मनात, नाव घेऊन. बाहेर सासूची खुर्ची करकरली. रिकाम्या शेडमध्ये एक सैल पत्रा वाजत होता.

काहीच नव्हतं. एक झोप झालेली बाई होती आणि छत होतं.

ती साधी होती, पण मूर्ख नव्हती. झोप तिथे मिळाली, तशीच इथे मिळाली. ते तिथे झालं, इथे नाही. म्हणजे ती झोप नव्हती. म्हणजे तो खरंच होता. आणि डोंगरावरच राहिला. टेम्पोत बसला नाही. एवढं सिद्ध करून ती छताकडे बघत पडली. अजून पंचवीस-तीस उन्हाळे तरी असतील पुढे, असं तिला वाटलं, आणि रडूही आलं नाही.

बाहेर पावलं वाजली. दारात दोघी उभ्या होत्या. बेकरीवाली भट्टीवरून मधेच सुटून, शिंपिणीकडून पोरं घेऊन आली होती. भुवयांवर पीठ, डोळे लाल, खांद्यावर शेडवरचीची पोर आणि कडेवर स्वतःचं. शिंपीण चौकटीला टेकली होती, टेकली नसती तर पडली असती. रात्रभर कुणी झोपलं नव्हतं, ते दिसत होतं. त्यांनी पोर पुढे केलं नाही. आधी तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"आला?" बेकरीवालीने विचारलं.

दारातून सासूही बघत होती.

"आला," शेडवरची म्हणाली.

बेकरीवाली तिथेच उंबऱ्यावर बसली आणि दोन्ही पोरांसकट रडायला लागली. शिंपिणीने विचारलं, "कसा? तसाच?"

"तसाच. काठोकाठ."

सासूने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग चुलीकडे वळली आणि सगळ्यांना चहा टाकला.

मालकाने पुढची पिल्लं टाकली. माफी वगैरे काही नव्हती. या उन्हात त्या शेडवर राहायला दुसरं कुणी तयार झालं नाही. खोली राहिली. शेडवरची पुन्हा चालू लागली.

ठरल्याप्रमाणे पुढच्या आठवड्यात बेकरीवालीची रात्र झाली. तिचं पोर शेडवरचीने नेलं, दुसऱ्या सकाळी परत केलं. बेकरीवाली खाटेवर बसून केस विंचरत होती. झोप तिच्या गालांवर दिसत होती.

"आला?" शेडवरचीने विचारलं. तिला विचारायचं नव्हतं, पण न विचारणं दिसलं असतं.

"आला," बेकरीवाली म्हणाली. कंगव्यातले केस काढत होती. "तू म्हणालीस तसाच. काठोकाठ."

शेडवरचीने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. बेकरीवालीने वर पाहिलं नाही. कंगव्यातले केस निघाले तरी ती कंगवाच साफ करत होती. खरं की खोटं, काही कळेना. आणि विचारायचं तर आधी स्वतःचं सांगावं लागलं असतं.

आता शिंपिणीची पाळी राहिली होती. दोघी तिचं पोर आणायला गेल्या. तिने अंथरूण घालून ठेवलं होतं, पोराचे कपडे गुंडाळून दिले, दाराशी आली, आणि पोर हातातून सुटेना.

"मला भीती वाटते," ती म्हणाली. "माझ्याकडे नाही आला तर? तुमचं खरं ना? येतो ना तो?"

"येतो," दोघी एकदम म्हणाल्या, एकमेकींकडे न बघता.

शिंपिणीने पोर दिलं.